शब्दचर्चा : 'गुल्त'ला सरंजाम म्हटलं, तर 'रिस्त'ला काय म्हणावं?

प्रश्न :
इथिओपियाच्या जुन्या साम्राज्यावर मराठीत लिहितेय. काळ १७६९ ते १८५५. राजधानी गोंदरला सम्राट नावापुरता, खरी सत्ता पठारावरच्या सरदारांच्या हाती. 'नेगुसे नेगेस्त'ला राजाधिराज हा शब्द चपखल बसला. अडलंय ते जमिनीच्या दोन शब्दांवर. 'गुल्त' आणि 'रिस्त', दोन्हींना मी कच्च्या खर्ड्यात 'जहागीर' लिहिलंय आणि वाचताना ते सारखं टोचतंय. फौजेतल्या पदव्यांसाठीही शब्द सुचवाल का?

प्रतिसाद :
ताई, टोचतंय ते योग्यच आहे. हे दोन हक्क एकाच शेतावर एकाच वेळी असायचे, म्हणून दोघांना एक शब्द चालणारच नाही.

गोज्जाममधलं तेफ या धान्याचं एखादं शेत घ्या. कसणाऱ्याकडे ते पूर्वजापासून वंशपरंपरेने आलेलं, तो त्याचा रिस्त. त्याच शेतातल्या धान्याचा वाटा सरदार नेतो, गावकऱ्यांकडून वेठ घेतो, त्यांचे तंटेही तोडतो. हा त्याचा गुल्त. बदल्यात हाक आली की हत्यारबंद माणसं घेऊन त्याने हजर व्हायचं. जमीन त्याची नव्हेच, तिच्या उत्पन्नावरचा हक्क त्याचा, आणि मर्जी फिरली की सम्राट तो काढूनही घेऊ शके. म्हणून गुल्तला 'सरंजाम', रिस्तला 'वतन'.

प्रतिसाद :
सरंजाम मान्य. वतनाला मात्र माझा विरोध आहे. वतन म्हटलं की पाटीलकी, कुलकर्णीपण, मानपान आठवतात. वतनामागे गावकीचं काहीतरी काम असतं. रिस्तदाराला असं काम नव्हतं, त्याचा हक्क निव्वळ रक्ताचा. आपल्याकडे याला सगळ्यात जवळचा शब्द 'मिरास', म्हणजे वंशपरंपरेने आलेला जमिनीचा हक्क. मिरासदार आणि असा हक्क नसलेला उपरी यांतला फरक जुन्या कागदांत सतत भेटतो, आणि तो शब्द आपण विसरत चाललोय याचं मला खरंच वाईट वाटतं. फक्त एक तळटीप जरूर द्या. रिस्त आईकडूनही मिळे आणि मुलीही तो मागू शकत. आपल्या मिरासदारीचं चित्र डोळ्यांपुढे आणणाऱ्या वाचकाला हे सांगावंच लागेल.

त्या काळाचं नावही बघा. 'झेमेने मेसाफिंत'चं भाषांतर 'सरदारांचा काळ' असं करतात, ते चूक नाही. पण बायबलातल्या ज्या पुस्तकाला मराठीत 'शास्ते' म्हणतात, त्याचं तिथलं नावही 'मेसाफिंत'च. देशात राजा नाही आणि जो तो आपल्या मनाला येईल तसं वागतो, हे त्या पुस्तकातलं चित्र तिथल्या माणसाला नावातच ऐकू येतं. एका ओळीत का होईना, हे लिहा.

प्रतिसाद :
फौजेच्या पदव्यांबद्दल. 'फितावरारी' म्हणजे आघाडीच्या तुकडीचा म्होरक्या. यासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, बिनीवाले! 'ग्राझमाच' डाव्या फळीचा, 'केन्याझमाच' उजव्या फळीचा. 'दजाझमाच'मधला पहिला तुकडा म्हणजे दार. राजाच्या डेऱ्याच्या दारापुढच्या फौजेचा तो सेनानी. म्हणजे या पदव्या हा छावणीचा नकाशाच आहे. मधोमध राजाचा डेरा धरा आणि चार शब्द चार जागी ठेवून बघा. १८९६ला इटालियनांविरुद्ध अडवाच्या लढाईत फितावरारी गेबेयेहू पडला. 'सेनापती गेबेयेहू' लिहिलंत तर तो सगळ्यांच्या पुढे होता हे वाचकाला कळणारच नाही.

'रास' मात्र तसाच ठेवा. अर्थ 'डोकं', जसा आपल्या सरनोबत, सरलष्कर यांतला फारसी 'सर'. मराठीत रास म्हणजे ढीग किंवा मेष-वृषभ, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा. आणि 'सरंजामदार' हा शब्द 'जन्माने मोठ्या घरचा माणूस' या अर्थाने वापरू नका. इटालियनांना १८८७ला दोगालीत हरवणारा रास अलुला शेतकऱ्याचा मुलगा होता. तिथे लढाई माणसाला वर चढवत असे.

प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. एक शेवटची अडचण. कर भरणाऱ्या कुळाला 'गब्बार' म्हणतात. हा शब्द मूळ रूपात ठेवला तर?

प्रतिसाद :
नको, ताई. मराठीत गब्बर म्हणजे पैसेवाला, आणि हा बिचारा सरदाराच्या शिपायांना घरात ठेवून खाऊ घालणारा. वाचक नेमका उलटा अर्थ घेईल. सरळ 'रयत' लिहा.

प्रश्नकर्ती :
पटलं. आधीचं वाक्य होतं, 'जहागीरदारांनी शेतकऱ्यांच्या जहागिरीवर कर बसवला.' आता असं केलंय : 'शेत रयतेच्या मिराशीचं, त्यातल्या धान्याचा वाटा सरंजामदाराचा, आणि मोहीम निघाली की तोच सरंजामदार आपली माणसं घेऊन बिनीवाल्याच्या मागे चालू लागे.'

प्रतिसाद :
'मिराशीचं' वाचून फार बरं वाटलं. मुलींच्या हक्काची तळटीप तेवढी याच वाक्याला लावा.