भाव फक्त जास्त उत्पादनामुळे पडत नाही
केनियात हास जातीच्या अ‍ॅव्होकाडोचा भाव जादा उत्पादनामुळे पडला, असं म्हटलं जातं. पण जहाजाचा मार्गही हिशेबात धरायलाच हवा. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि केनियाच्या मोंबासा बंदरातून युरोपला जाणारा माल केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागला. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला. ५-६ अंशांवरच्या, आतल्या हवेतल्या वायूंचं प्रमाण नियंत्रित ठेवणाऱ्या कंटेनरमध्येही फळ तेवढं तग धरेलच असं नाही. मऊ पडलं की खरेदीदार भाव कापतो.

पाऊस लांबला तर फळ उशिरा भरतं, तरी पेरू देशाच्या मालाआधी बाजार गाठायला कच्चंच तोडतात. हे खरं नुकसान! फळ कच्चं आहे का ते तपासायला १० ग्रॅम गर किसून वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. २.१ ग्रॅमपेक्षा कमी उरला तर फळ नीट पिकत नाही, सुरकुतून रबरासारखं होतं. म्हणूनच कच्चं फळ बाहेर जाऊ नये यासाठी हंगामाअखेर समुद्रमार्गे निर्यात थांबवण्याचा केनिया सरकारचा नियम मला योग्य वाटतो.