दिवाळीत मसाई मारा पाहण्यासारखे असते का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाण्याच्या विचारात आहोत, सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) स्थलांतर तेव्हा दिसेल का, आणि तयारी काय करावी?

उत्तर: मारा नदी ओलांडणारे कळप साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात दिसतात. दिवाळी नोव्हेंबरात आली, तर बहुतेक कळप दक्षिणेला टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याकडे वळलेले असतात आणि तिकडचा लहान पावसाळाही सुरू होतो. सिंह, हत्ती मात्र वर्षभर असतात, त्यामुळे फेरी वाया जाणार नाही.

उत्तर: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी, प्रमाणपत्र नसल्यास परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. साठीनंतर या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांशी आधी बोला, तिकिटे नंतर काढा.

उत्तर: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामान साधारण 15 किलो आणि तेही मऊ पिशवीत चालते. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांना बंदी आहे. तेव्हा ठेपले आणि चिवडा (ते नेणारच, हे गृहीत धरतो) स्टीलच्या डब्यात भरावेत.