मदत हवी आहे: हे कुठल्या जातीचं कासव?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलशेतला राहते. काल सकाळी आमच्या वॉचमनकाकांना पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकाशी कासवाचं पिल्लू सापडलं. रिकामं खोकं माझ्याकडेच निघालं, म्हणून पाहुणा सध्या आमच्याकडे. फोटो तीनदा टाकून पाहिला, चढत नाही, तेव्हा वर्णनच लिहिते.

लांबी माझ्या अंगठ्याएवढी, जेमतेम सहा सेंटीमीटर. पाठ चपटी नाही, चांगली घुमटासारखी. रंग काळपट तपकिरी, दर खवल्याच्या मधोमध पिवळा ठिपका आणि त्यातून चार-पाच पिवळे पट्टे कडेपर्यंत गेलेले. पाय हत्तीसारखे खांबाचे, बोटांत पडदा नाही. डोळ्यामागे लाल पट्टी नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण माशांच्या दुकानात मिळणारं ते हिरवं रेड-इअर्ड स्लायडर भाचीकडे होतं, ते हे नव्हे.

कासव म्हणजे पाणी, या हिशेबानं लेकानं त्याला अर्ध्या बादलीत सोडलं. ते पोहेचना, तळाशी नुसते पाय झाडत राहिलं. लगेच काढलं बाहेर. सोसायटीच्या ग्रुपवर तरी 'उपवन तलावात सोडा'चा धोशा चालूच आहे. दुसरा गट येऊरच्या जंगलात सोडा म्हणतो. सासूबाई म्हणतात, देवळात गाभाऱ्यासमोर असतं ते आपण होऊन दारी आलंय, राहू दे.

हे स्टार कासव असेल का? आणि करायचं काय?

प्रतिसाद:
वर्णन स्टारचंच वाटतंय. पिल्लात पट्टे कमी असतात, वयाबरोबर वाढतात. एक खूण बघा: मानेच्या बरोब्बर वर, कवचाच्या काठावर मधोमध एक बारीक सुटा खवला आहे का? बऱ्याच कासवांना असतो, स्टारला नसतो.

तलावात अजिबात नको, हे जमिनीवरचं कासव, बुडून मरेल. येऊरलाही नको. त्याचं मूळ घर गुजरात-राजस्थानकडे आणि दक्षिणेतल्या कोरड्या झुडपी रानात. आपल्या पावसात सर्दी होऊन नाकातून बुडबुडे येतात. बहुधा कुणीतरी पाळलेलं सुटलंय किंवा सोडून दिलंय.

सासूबाईंना हळूच सांगा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरी ठेवणं गुन्हा. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, सापडल्याची वेळ आणि जागा सांगा. तोवर खोकं कोरडं ठेवा, दूध-पाव देऊ नका. पसरट ताटलीत हनुवटीपर्यंतच पाणी. औषध न मारलेली जास्वंदीची पानं-फुलं चालतील.

मूळ धागाकर्ती:
टॉर्च लावून पाहिलं. मधला खवला नाही, दोन्ही बाजूंचे काठाचे खवले थेट एकमेकांना भिडलेत. म्हणजे स्टारच! १९२६ ला फोन केला, दुपारी माणूस पाठवतो म्हणाले. ग्रुपवरही लिहिलंय, तलावाचा विषय बंद.

सासूबाई कायद्याचं ऐकून गप्प झाल्या. मग गणपतीसाठी कुंडीतून काढलेलं जास्वंदीचं फूल त्यांनीच खोक्यात ठेवलं. अर्धं संपलंय.