निकेल ‘केवळ उपस्थित’ असते का?

‘केवळ उपस्थितीमुळे अभिक्रियेचा वेग बदलणारा पदार्थ’ ही उत्प्रेरकाची व्याख्या आपण सर्वांनी पाठ केली आहे. हायड्रोजनीकरणातील, म्हणजे दुहेरी बंधाच्या रेणूला हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रियेतील, निकेलला ती लागू पडत नाही, आणि तिच्यातला ‘केवळ उपस्थितीमुळे’ हा भाग काढून टाकावा, असे माझे ठाम मत आहे. हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३६ किलोजूल ऊर्जा लागते. त्यामुळे इथिलीन आणि हायड्रोजन सामान्य तापमानाला नुसते एकत्र ठेवले, तर अभिक्रिया उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) असूनही काहीच घडत नाही. निकेलच्या पृष्ठभागावर मात्र हायड्रोजनचा रेणू दुभंगतो, त्याचे अणू निकेलशी बंध जोडतात, इथिलीनही त्याच पृष्ठभागाला चिकटते आणि एकामागून एक दोन हायड्रोजन अणू मिळाले की इथेन होऊन सुटते. याला नुसती उपस्थिती कसे म्हणावे?

प्रतिसाद १
मी असहमत आहे. व्याख्या अंतिम हिशेब सांगते आणि त्या हिशेबात निकेल जसेच्या तसे उरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनी १८९७ मध्ये निकेलवर इथिलीनपासून इथेन मिळवले, तेव्हा पृष्ठभागावरच्या अणूंचे आजचे चित्र उपलब्ध नव्हते; तरीही त्या कामाला १९१२ चे नोबेल मिळालेच. नवशिक्याला पहिल्याच दिवशी यंत्रणा, म्हणजे अभिक्रियेचे टप्पे, कशासाठी सांगायची?

धागाकर्ता
साबात्ये यांचेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. निकेल आणि हायड्रोजन यांचे तात्पुरते, अस्थिर संयुग बनते आणि तेच पुढे हायड्रोजन देते, असे ते स्वतः मानत होते. १९३४ मध्ये होरिउती आणि पोलान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी मांडलेल्या यंत्रणेत एक हायड्रोजन मिळालेली अर्धवट अवस्था आहे, आणि तिथून रेणू मागेही फिरू शकतो. तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करताना ट्रान्स मेदाम्ले (दुहेरी बंधाभोवती साखळीचे भाग विरुद्ध बाजूंना असलेली) तयार होतात ती याच वाटेने, कारण मागे फिरताना दुहेरी बंध पुन्हा जुळतो, पण नेहमी जुन्या मांडणीत नाही. गंधकाच्या संयुगांनी निकेल निकामी होते, कारण ती त्याच जागा घट्ट अडवून बसतात. ‘उपस्थिती’ या शब्दातून यातले काहीही उलगडत नाही.

प्रतिसाद २
‘केवळ’ वगळायला माझीही हरकत नाही. परंतु सहभागावर एवढा भर दिला, की निकेल ऊर्जा पुरवते आणि समतोल (दोन्ही दिशांचा वेग सारखा होण्याची स्थिती) इथेनकडे झुकवते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये पक्का होतो, आणि तो मला अधिक घातक वाटतो. निकेल दोन्ही दिशांचा वेग सारख्याच पटीने वाढवते. पुरेशा उच्च तापमानाला समतोलच उलट बाजूला झुकतो, आणि मग त्याच पृष्ठभागावर हायड्रोजन निघून जाण्याची अभिक्रिया वरचढ ठरते. नव्या व्याख्येत हे येणार नसेल, तर मी जुनीच ठेवीन.