झांबियाचा दुष्काळ : दोष पावसाचा, की मक्यावरच्या भिस्तीचा?

चर्चाप्रस्ताव

29 फेब्रुवारी 2024 रोजी दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या झांबियाच्या सरकारने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, तेव्हा देशातील 116 पैकी 84 जिल्हे होरपळले होते आणि सुमारे 22 लाख हेक्टर मक्यापैकी 10 लाख हेक्टर हातचा गेला होता. त्या हंगामात पाऊस मुळी पडलाच नाही, असे मात्र नव्हे. जानेवारीच्या मध्यानंतर, मका तुऱ्यावर येण्याच्या ऐन दिवसांत, त्याने कित्येक आठवडे दडी मारली, आणि तुऱ्यावरच्या मक्याला पाण्याचा ताण सोसत नाही. ज्वारी अशा वेळी वाढ थांबवून पावसाची वाट पाहू शकते. तरीही 2002 पासून खत-बियाण्यांचे सरकारी अनुदान मुख्यतः मक्याच्याच वाट्याला येत गेले आणि सरकारी खरेदीही प्रामुख्याने त्याचीच होत राहिली. म्हणून मी या आपत्तीला निसर्गाइतकेच धोरणालाही जबाबदार धरतो.

प्रतिसाद 1

मी सहमत नाही. आपल्या मांडणीत शेतकरी बाई कुठेच दिसत नाही. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा ताटात नसेल, तर जेवण झाले असे तिच्या घरात कोणी मानत नाही. ज्वारी पेरली, तर उघड्या कणसांवर क्वेलिया पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पोरांना राखणीला बसवावे लागते. मक्याचे दाणे निदान पाल्याच्या आवरणात तरी असतात. तिची निवड अडाणीपणाची नाही. माझाबुकाजवळ काफ्वे नदीच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत आणि त्याच दक्षिण प्रांतात कोरडवाहू मका वाळला. प्रश्न पिकाचा नसून पाणी कोणाच्या शेतात पोहोचते याचा आहे.

प्रतिसाद 2

पाणी पोहोचवायचे कशाने, हेही सांगावे. झांबियाची चार पंचमांशाहून अधिक वीज जलविद्युत आहे. त्या वर्षी, जिथल्या पाण्यावर वीज तयार होते तो झांबेझी नदीवरील करिबा जलाशय इतका खालावला की दिवसाचे वीस-वीस तास वीज नव्हती. उपसा सिंचन आणि नळपाणी या दोन्हींचे पंप याच विजेवर चालतात, म्हणजे ज्या वर्षी पंपाची सर्वाधिक गरज असते, त्याच वर्षी तो बंद पडतो. शिवाय एकाच वर्षापूर्वी, जानेवारी 2023 मध्ये, त्याच दक्षिण प्रांतातील नामवाला परिसर पुराच्या पाण्याखाली होता. ते पाणी लहान बंधाऱ्यांत आणि गावतळ्यांत अडवल्याशिवाय मोठ्या कालव्यांची चर्चा मला व्यर्थ वाटते.

प्रस्तावकाचे उत्तर

पक्ष्यांचा मुद्दा मी कमी लेखला होता, हे मान्य करतो. गावतळ्यांनाही माझा विरोध नाही; पण ती खोदून होईपर्यंत अनेक हंगाम जातील, आणि उथळ तळ्यातले पाणी तिथल्या उन्हात किती टिकेल, हाही प्रश्न उरतोच. प्रशांत महासागराचे पाणी तापून दक्षिणेकडील आफ्रिकेत बहुधा पाऊस घटवणाऱ्या एल निनोची चाहूल मात्र 2023 च्या मध्यालाच लागली होती, आणि तिथली पेरणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते. त्या चार-पाच महिन्यांत अनुदानाच्या पिशवीत मक्यासोबत थोडी ज्वारी, थोडी चवळी घालणे अशक्य नव्हते. त्या बाईने ती पेरलीच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. निवडायला तिच्या हाती दुसरे बियाणे तरी असायला हवे होते.