मांगरातली एमजीए: दुरुस्त करावी की राहू द्यावी?

सांजवेळ
गोव्यात हळदोण्याला ओळखीच्या एका घरच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये, एमजीए १५०० पडून आहे. दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. घरचे सांगतात, आजोबांनी १९५८ साली नवी कोरी आणली. पोर्तुगीज अमदानीत परदेशी गाडी आणायला नंतरच्यासारखा परमिटचा जाच नव्हता. १९८७ पासून ती जागची हललेली नाही. वर मल्लांचं (विणलेल्या माडाच्या झावळ्यांचं) छप्पर, खाली सारवलेली जमीन, आत कोंबड्या. लाल रंग अजून ओळखू येतो. बाहेरची दोन्ही हँडलं कुणीतरी काढून नेली आहेत. आत बसायला गेलो तर पाय सरळ जमिनीला लागला. घरचे साडेचार लाख म्हणतात. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही. घ्यावी का?

पिस्टन फोंडेकर
पाय जमिनीला लागला तिथेच उत्तर मिळालं की हो! नका घेऊ. आमच्या गॅरेजात अशीच एक जुनी टू-सीटर आली होती. दोन लाखांत होईल असं मीच तोंडाने बोललो. पत्रा उघडत गेलो तसा आकडा चढत गेला. साडेअकरावर थांबलो, तोही मालकाने हात टेकले म्हणून. गाडी आजही अर्धवट उभी आहे आणि मालक रस्त्यात भेटला की तोंड फिरवतो. आपल्याकडे वर्षाला १०० इंचांहून जास्त पाऊस, त्यात खारा वारा. पुण्यात वीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीवर धूळ बसते, इथे तेवढ्यात पत्राच शिल्लक राहत नाही.

खाजनकाठ
पिस्टनबाब, तुमच्या अनुभवाला मान आहे, पण पाय खाली गेला यावरून काहीच ठरत नाही. एमजीएचा तळ पत्र्याचा नसतोच. प्लायवूडच्या फळ्या चासीला बोल्टने आवळलेल्या असतात. कुजल्या तर म्हापशातल्या एखाद्या सुताराकडून मरीन प्लाय कापून घ्यायचं. आणि हँडलं कुणी नेलेली नाहीत. या उघड्या गाडीला बाहेरून हँडल नव्हतंच. आत हात घालून दोरी ओढायची. कुणावर आळ घेतला नसेल अशी आशा करतो.

आता पाहायचं काय ते सांगतो. दार हळूच लावा आणि मागच्या कडेच्या फटीतून वरपासून खालपर्यंत बोट फिरवा. वर करंगळी जाते आणि खाली नखही शिरत नाही असं असेल तर दाराच्या मागचा खांब बुडाशी खाल्लेला आहे. मग चासीखाली जॅक लावून थोडं उचला आणि फट पुन्हा पाहा. उचलताना ती बदलली तर त्या बाजूची ताकद गेली. शेवटी बोथट स्क्रू ड्रायव्हरने दाराखालचं सिल (पत्र्याची पोकळ पट्टी) खालच्या अंगाने टोचत जा. टणक लागलं तर पत्रा, भद्द वाजलं तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली. आणि दांडा आत गेला तर तिथे खडूने फुली मारा. फुल्या मोजून घरच्यांशी बोलायला बसा. इंजिन, रंग, सीट या सगळ्याचा विचार नंतर.

सांजवेळ
फुल्या रविवारी मारतो. पण काल लोहचुंबक घेऊन गेलो होतो. दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, कुठेच चिकटला नाही. म्हणजे सगळी लांबीच ना?

खाजनकाठ
नाही हो. ते भाग ॲल्युमिनियमचे असतात, चुंबक चिकटणारच नाही. मडगार्डला लावून पाहा, तो पत्रा पोलादी. दाराचा सांगाडाही पोलादी. म्हणून दाराच्या खालच्या दुमडीत नखाने खरवडा. पांढरी भुकटी निघाली तर दोन धातू आणि खारी हवा यांनी आपलं काम केलेलं आहे.

तिठ्यावरचा
एमजीए १९५५ ते १९६२ या काळात १ लाखाहून जास्त बनल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या. दुर्मीळ वगैरे काही नाही. साडेचार लाख गाडीचे नाहीत, आजोबांच्या आठवणीचे आहेत. आजोबांचा एखादा फोटो मागून घ्या, गाडी भंगारात जाऊ द्या.

आल्मेदेचा कट्टा
जगात लाख असतील, हळदोण्यात एकच आहे. १९६१ च्या आधी इथे आलेल्या गाड्या म्हटलं की सगळे मर्सिडीजच्या टॅक्स्यांच्या आठवणी काढतात. स्पोर्ट्स कार किती जणांच्या घरी होत्या? ती जाईल तेव्हा भंगारवाला किलोचा भाव देईल, बाकी हिशेब कोण धरणार?
जाता जाता, स्टीयरिंग कुठल्या बाजूला आहे?

सांजवेळ
उजवीकडे. मलाही नवल वाटलं, पोर्तुगीज काळातली गाडी ना?

आल्मेदेचा कट्टा
बरोबर आहे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली, पण गोव्यात डावीच ठेवली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान. म्हणजे गाडी इथल्याच रस्त्यासाठी मागवलेली दिसते.

पिस्टन फोंडेकर
प्लायवूडचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण इंजिन? इतकी वर्षं बंद म्हणजे पिस्टन जाम असणारच.

खाजनकाठ
त्यात तर तुमचाच हात बसलेला आहे! एमजीएचं १४८९ सीसी इंजिन आणि अँबॅसडरचं १४८९ सीसी इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजची. बोअर-स्ट्रोकही (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तोच. हेड, कॅम आणि दोन एसयू कार्ब्युरेटर वेगळे, पण आतली रचना तुम्ही डोळे मिटून उघडाल. प्लग काढा, प्रत्येक भोकात पातळ तेल सोडा, आठ दिवस हात लावू नका. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने मागे-पुढे हलवा. दोरी बांधून जीपने ओढू नका, पिस्टनची जाम रिंग तुटली की सिलिंडरला ओरखडा पडलाच.

तिठ्यावरचा
मग सरळ अँबॅसडरचंच इंजिन बसवा. भंगारात पडलेली आहेत. हजारोंचं काम, लाखांचं नाही.

वकिलाचा शेजारी
इथे थांबा जरा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा ही अट आहे. परकं इंजिन टाकलं की ती वाट धोक्यात. शिवाय व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. बायकोला घेऊन मिरामारला हवा खायला जायचं स्वप्न असेल तर आधी ते तपासा.

दुसरं, गाडीचं पुस्तक (आरसी) कुणाच्या नावावर? आजोबांच्या असेल तर गोव्याच्या कायद्याने निम्मी गाडी आजीची होती, उरलेल्यात सगळी मुलं. कुणी लिस्बनला, कुणी नैरोबीला. वारसांचे कागद झाल्याशिवाय इसारही देऊ नका.

नदीपल्याड
मी दोन्ही बाजूंशी भांडणार. दुरुस्त करायची की भंगारात टाकायची, एवढेच दोन पर्याय का? तो मूळ लाल रंग एकदा खरवडला की गेला. कोंबड्या बाहेर काढा, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवा, छप्पर बदला, उंदरांनी केलेली घरटी साफ करा. गंज थांबवून आहे तशी ठेवलेली गाडी मला चकचकीत नव्या पेंटपेक्षा जास्त आवडते.

पिस्टन फोंडेकर
गंज थांबवून म्हणजे कसा? सांगायला सोपं. सिलच्या आतल्या पोकळीत शिरलेला गंज कापल्याशिवाय थांबत नाही. वरून मेण फवारलं तर तो आतून मजेत खात राहतो.

सांजवेळ
रविवारचा अहवाल. खडू संपला नाही, पण निम्मा झाला. डाव्या बाजूला दोनच फुल्या. उजव्या बाजूला सात, त्यातल्या चार खांबाच्या बुडाशी. तिथे छपराची धार पडत होती. जॅक लावल्यावर उजवी फट बदलली, डावी नाही. चासीचे मुख्य दांडे ठोकून पाहिले, टणक. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो. प्लग काढून तेल सोडलं आहे. डिकीत तीन अंडी मिळाली, ती घरच्यांना दिली. पुस्तक आजोबांच्याच नावावर, पाच वारस, एक मावशी लिस्बनला. मी दीड लाख म्हटलं, ते गप्प बसले.

पिस्टन फोंडेकर
दीड बरोबर. दोनच्या वर जाऊ नका, उजवी बाजूच दोन-अडीच खाणार. आणि दुसरं कुणी काम करणार असेल तर त्याला बजावा, खांब कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड कर. पट्टी न मारता कापलं की बॉडी बसते, मग ते दार जन्मात लागत नाही. आमच्या त्या टू-सीटरचं तेच झालं.

तिठ्यावरचा
मावशीने सही केली तर कळवा. तोपर्यंत कोंबड्यांना हलवू नका, भाडं त्याच देतात.