मदत हवी आहे : सीए १९-९ ची तुलना कोणत्या आकड्याशी करायची?

वडील ६७ वर्षांचे, आम्ही कोथरूडला राहतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं बायोप्सीने निदान झालंय. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असल्याने आधी केमो, मग ऑपरेशनचा विचार. सीटी स्कॅनमध्ये इतरत्र पसरलेलं दिसत नाही.

सुरुवातीला कावीळ होती तेव्हा सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये बहुधा वाढणारा रक्तातला घटक) होतं ९२०, नॉर्मल ३७ पर्यंत. पित्तनलिका तुंबली की कॅन्सर नसतानाही हा आकडा चढतो, म्हणून स्टेंट टाकून बिलिरुबिन उतरल्यावर पुन्हा तपासलं : ३८०. केमोच्या पहिल्या टप्प्यानंतर २१०, पण ते दुसऱ्या लॅबमधून, आणि प्रत्येक लॅबचं किट सारखं नसतं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी, ३.१ आणि न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण) ५ च्या वर. हे दोन्ही काळजीचंच, पण मधे स्टेंटमुळे संसर्गही झाला होता, आणि त्यानेही हे आकडे बिघडतात.

एकट्या आकड्यावरून आयुष्याचा अंदाज बांधता येत नाही हे मान्य. डॉक्टरांची भेट स्कॅननंतरच आहे, तोवर प्रश्न नीट तयार करायचेत. काढे, घरगुती उपाय कृपया सुचवू नका.

ऑन्कोलॉजी किंवा पॅथॉलॉजीतलं कोणी आहे का? उतार ३८० पासूनच मोजायचा ना? जुन्या लॅबमध्ये आत्ताच पुन्हा तपासून घ्यावं का? आणि संसर्ग गेल्यावर किती दिवसांनी ते गुणोत्तर भरवशाचं धरतात?